टाकी मोठी केली तर वरच्या मजल्यावर पाणी जोरात येईल का?

गच्चीखालचा (धागाकर्ता) | १२ मे, रात्री १०:४०

मंडळी, रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. त्याआधी जरा मदत हवीय.

इमारत गोरेगावात, तळमजला अधिक सात, वय पस्तीस वर्षं. मी सातव्यावर. डोक्यावर स्लॅब, स्लॅबवर टाकी. लोकांना वाटतं, टाकीला सगळ्यात जवळ हाच, याची चंगळ असणार. प्रत्यक्षात शॉवरखाली ओलं व्हायचं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. सकाळी सात ते साडेआठ तर कहर. नळ उघडला की आधी खोकतो, मग हवा आत ओढतो. हो, ओढतो. तोंडाला अंगठा लावला तर चिकटतो. आणि तळमजल्यावरच्या काकूंकडे नळ सोडला की बादलीतलं पाणी लादीभर उडतं.

कमिटीचा उपाय असा: दहा हजार लिटरची टाकी काढायची, वीस हजारांची बसवायची. उंची तेवढीच, पसारा दुप्पट. "पाणी जास्त, वजन जास्त, म्हणजे प्रेशर जास्त," इति सेक्रेटरी. कोटेशन सव्वातीन लाखांचं. मला आतून वाटतंय की यात काहीतरी गोची आहे, पण नक्की काय ते सांगता येत नाही. बारावीला फिजिक्समध्ये पंचेचाळीस होते. शंभरपैकी.

फुकटचा_सल्लागार | १२ मे, रात्री १०:५२

चहा ठेवलाय, खुर्ची ओढून बसतोय. पाणी आणि पार्किंग, या दोन विषयांवरचा मुंबईतला धागा शंभरी गाठल्याशिवाय राहत नाही.

खडू_फळा | १२ मे, रात्री ११:१५

तुमचं आतलं वाटणं बरोबर आहे. सेक्रेटरींना एवढाच हिशोब कागदावर करून दाखवा.

एक चौरस सेंटिमीटरची जागा घ्या, करंगळीच्या नखाएवढी. तिच्यावर एक मीटर उंच पाण्याचा खांब उभा आहे असं समजा. त्या खांबात पाणी किती? शंभर घनसेंटिमीटर. वजन शंभर ग्रॅम. खांब दहा मीटरचा केला तर वजन एक किलो. प्लंबर "एक किलो प्रेशर आहे" म्हणतो ते हेच, दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. पाण्यात दर दहा मीटर खाली गेलं की एक किलो वाढतं. विहिरीत, टाकीत, पाइपात, कुठेही.

आता या हिशोबात टाकीची रुंदी कुठे आली? आलीच नाही. तुमच्या नळापासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत सरळ उभं अंतर मोजा, तेवढाच दाब. टाकी दुप्पट पसरट केलीत तर पाणी जास्त वेळ पुरेल. जोर तसूभरही वाढणार नाही.

सडेतोड | १२ मे, रात्री ११:४०

शाळेतलं शाळेत ठेवा हो. वीस टन पाणी दहा टनांपेक्षा जास्त दाबणार नाही, हे कोणत्या देशात? जास्तीचं दहा टन वजन काय हवेत लटकणार आहे? आणि तसं असेल तर धरणाच्या भिंती एवढ्या जाड कशाला बांधतात? मागे एवढं पाणी तुंबलेलं असतं म्हणूनच ना?

खडू_फळा | १३ मे, सकाळी ६:२०

वजन लटकत नाही, टाकीच्या तळावर बसतं. तळही दुप्पट झालाय ना! दहा टन सात चौरस मीटरवर किंवा वीस टन चौदा चौरस मीटरवर, दर चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला तेवढंच येतं. जास्तीचा भार सोसावा लागतो तो तुमच्या गच्चीच्या स्लॅबला आणि खालच्या कॉलमना. (पस्तीस वर्षांच्या इमारतीवर दहा टन वाढवताना स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारलंय का? हा प्रश्न पाण्याच्या दाबापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.)

धरणाचं म्हणाल तर उदाहरण छान दिलंत, फक्त ते तुमच्या विरुद्ध जातं. तानसाचं धरण १८९२ मध्ये पुरं झालं, दगडी बांधकामाचं. कोणत्याही दगडी धरणाचा छेद काढून बघा, माथ्याला अरुंद आणि पायाशी रुंद. का? पाण्याच्या पातळीला दाब शून्य, तीस मीटर खाली चौरस सेंटिमीटरला तीन किलो, म्हणजे चौरस मीटरला तीस टन. भिंत जाड लागते ती खोलीसाठी. पाण्याचा फुगवटा मागे दहा किलोमीटर पसरलाय की शंभर मीटर, याने भिंतीवरच्या दाबात फरक पडत नाही. इंजिनीअर लोक भिंतीवरचा एकूण रेटा काढताना पाण्याची खोली आणि भिंतीची लांबी घेतात. तलाव किती मोठा, हे कुणी विचारतही नाही.

सडेतोड | १३ मे, सकाळी ९:०५

डोक्यात शिरतंय पण पचत नाहीये. एवढा मोठा तलाव आणि त्याचा भिंतीला काहीच फरक नाही?

खडू_फळा | १३ मे, सकाळी ९:३०

न पचणारे तुम्ही पहिले नाही. पुस्तकांत याला विरोधाभासच म्हणतात. सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर एक प्रयोग सांगितला जातो. पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप, झाकणात घट्ट बसवलेली लांबलचक बारीक नळी, आणि वरच्या मजल्यावरून त्या नळीत थोडंसं पाणी ओतायचं. तेवढ्या पाण्याने पिंपाच्या फळ्या फुटतात. पाणी थोडंसंच, पण उंच.

चाळकरी_ताई | १३ मे, दुपारी १:१०

माझं बालपण गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर. पहाटे पाणी यायचं तेव्हा खालचा नळ धबधबा आणि आमच्या मजल्यावरचा नळ करंगळीएवढी धार. आई गॅलरीतून ओरडायची, "अहो खालचे, जरा नळ बंद करा, आमचं चढत नाहीये!" खालच्यांनी बंद केला की आमच्या हंड्यात टपटप सुरू. म्हणजे हा दाबाचा धडा आम्ही रोज पहाटे साडेचारला गिरवत होतो, नाव माहीत नव्हतं इतकंच.

आजोबा सांगायचे की मलबार हिलचं हँगिंग गार्डन म्हणजे बाग नव्हे, टाकीचं झाकण आहे. मोठी झाल्यावर कळलं की खरंच खाली पालिकेचा जलाशय आहे. टेकडीवर पाणी चढवून ठेवायचं, मग ते आपल्या वजनाने गिरगावात उतरतं. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरही तेच, वर उद्यान आणि खाली जलाशय. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, तेव्हाही भरवसा उताराचाच होता. टेकड्या नसत्या तर आपल्या पूर्वजांना पाणी कुठून मिळालं असतं देव जाणे.

लोअर_परळ_३४वा | १३ मे, दुपारी २:४५

आमची तक्रार उलटी आहे. गिरणीच्या जागेवरचा टॉवर, पन्नास मजल्यांच्या वर. इथे सगळ्यात वरच्या टाकीतून थेट तळमजल्याला पाणी सोडलं तर दीडशे मीटरच्या वर उंची, म्हणजे पंधरा किलोहून जास्त प्रेशर. नळाची चकती उडेल, फ्लशचा व्हॉल्व्ह फुटेल. म्हणून मधल्या सर्व्हिस मजल्यांवर वेगळ्या टाक्या आहेत आणि प्रत्येक पट्ट्याला प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह. आमच्या खालच्या घरातला तो व्हॉल्व्ह मागच्या वर्षी बिघडला, तेव्हा जेट स्प्रेचा पाइप रात्री दोनला फुटला. बाथरूममधून पाणी हॉलमध्ये, हॉलमधून लिफ्टच्या खड्ड्यात.

गीझरवर "८ बार, उंच इमारतींसाठी योग्य" असं का लिहितात ते तेव्हा कळलं (एक बार म्हणजे साधारण एक किलो). तोवर मला ती जाहिरातीतली फुशारकी वाटायची.

पाना_पक्कड | १३ मे, संध्याकाळी ७:२०

बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून दोन शब्द. मास्तरीणबाईंचा हिशोब पक्का आहे, पण तो नळ बंद असतानाचा. नळ उघडला की गोष्ट बदलते.

धागाकर्त्याने "नळ हवा ओढतो" असं लिहिलंय, सगळी मेख तिथे आहे. कमी उंचीमुळे धार बारीक होईल, हवा ओढणार नाही. जुन्या इमारतींत टाकीतून एकच डाऊनटेक लाइन निघते, आधी सातव्याला फाटा, मग सहाव्याला, असं करत तळाला. सकाळी खालच्या पाच-सहा घरांत नळ सुटले की त्या उभ्या पाइपातलं पाणी सुसाट खाली पळतं. पस्तीस वर्षांची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन आतून गंजून अर्धी झालेली, टाकीतून येणारं पाणी तेवढ्या वेगाने मागचं भरून काढू शकत नाही. वरच्या फाट्यापाशी दाब उतरतो, कधी बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. मग तुमचा नळ पाणी द्यायच्या ऐवजी हवा पितो.

गच्चीवर टाकीच्या आउटलेटनंतर एक उभा वाकडा पाइप असायला हवा, छत्रीच्या दांड्यासारखा. तो हवेचा पाइप, लाइनला हवा लागली तर ती नळाऐवजी तिथून घेते. आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी रंगारी किंवा केबलवाला तो तोडतो नाहीतर कुणीतरी लाकडाची खुंटी मारून ठेवतो.

आणि एक. कुणी "पालिकेच्या लाइनला मोटर लावू" म्हणालं तर त्याला गप्प बसवा. ते बेकायदा आहे आणि शेजारच्या इमारतीचं पाणी पळवणं आहे.

फुकटचा_सल्लागार | १३ मे, रात्री ८:०२

मोटर गच्चीवर ठेवून खालच्या जमिनीतल्या टाकीतून पाणी वर ओढलं तर? खाली मोटरचा आवाज नाही, चोरी नाही.

पाना_पक्कड | १३ मे, रात्री ८:१०

ओढणारा पंप दहा मीटरच्या वर पाणी ओढूच शकत नाही, प्रत्यक्षात सात-आठ मीटरला हात टेकतो. म्हणून मोटर खाली ठेवून ढकलायचं असतं. तुमचं नाव सार्थ आहे.

खडू_फळा | १३ मे, रात्री ८:३५

कारण पंप पाणी ओढत नसतोच. तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब साधारण एक किलो, म्हणजे दहा मीटर पाण्याइतका. त्याच्यापुढे हवेचं बळ संपतं.

गच्चीखालचा | १५ मे, रात्री ११:२०

उशीर झाला, कारण प्रयोग केला. सांगतो.

गवंडी लेव्हल बघायला वापरतात तो पारदर्शक पाइप हार्डवेअरच्या दुकानातून आणला, दहा मीटर. एक टोक बाथरूमच्या बादलीच्या नळाला क्लिपने आवळून बसवलं. दुसरं टोक खिडकीच्या जाळीतून बाहेर काढून गच्चीवरून मुलाने दोरीने वर खेचलं आणि टाकीच्या शिडीला बांधलं. पाण्यात चमचाभर कुंकू टाकायची कल्पना बायकोची. त्याशिवाय लांबून काही दिसलं नसतं.

दुपारी तीन वाजता, इमारत झोपलेली. नळ सोडला. लाल रेघ खिडकीबाहेर वर चढत गेली, गच्चीचा कठडा ओलांडला, टाकीच्या बुडाशी आली आणि आणखी वर जाऊन थांबली. मुलाने टाकीचं झाकण उघडून आत पट्टी घातली. आतल्या पाण्याची पातळी आणि नळीतली पातळी, बोटभराचाही फरक नाही. नळापासून पाच मीटर, म्हणजे अर्धा किलो.

सडेतोड, हे खास तुमच्यासाठी: एका बाजूला दहा हजार लिटरची टाकी, दुसऱ्या बाजूला माझ्या नळीतलं पाणी, जे अर्धा लिटरसुद्धा नसेल, आणि दोघं बरोबरीत. टाकीतल्या पाण्याला जास्त वजनाचा काही फायदा मिळत असता तर माझी नळी कारंज्यासारखी वाहिली असती.

मग बादली लावली, पंधरा लिटरची. माझ्याकडे १ मिनिट ४० सेकंद. तळमजल्यावर काकूंकडे ४२ सेकंद. त्यांच्या नळाला मीटर लावला, २.६ किलो.

खडू_फळा | १५ मे, रात्री ११:४५

किती सुंदर! आकडेही जुळताहेत. तुमच्याकडे पाच मीटर, त्यांच्याकडे सात मजल्यांचे एकवीस वाढवून सव्वीस. दाब पाचपट, पण धार पाचपट होत नाही, वर्गमूळाच्या हिशोबाने वाढते. पाच पूर्णांक दोनचं वर्गमूळ सुमारे २.३. तुमचे शंभर सेकंद भागिले २.३ म्हणजे ४३-४४. ४२ आले. पंचेचाळीस मार्क दिले त्यांनी पेपर नीट तपासला नव्हता.

नाखवा | १६ मे, सकाळी ७:४०

आमच्याकडे वर्सोव्याला याचा पुरावा जाळ्यात येतो. रिकामी, बूच घट्ट लावलेली प्लास्टिकची बाटली दोरीला बांधून खाली सोडली तर दहा मीटरवर आतली हवा निम्मी होते, वीसवर तिसरा हिस्सा, तीसवर चौथा. बाटली पापडासारखी चेपते. वर घेताना परत फुगते पण सुरकुत्या राहतात. लहानपणी पैज लावायचो, बाटली बघून कोण खोली ओळखतो. माझा बा चार हाताच्या आत बरोबर सांगायचा.

मेहुणा मुंबई हायला बोटीवर होता. तिथं पाणी पंचाहत्तर मीटरच्या आसपास. खारं पाणी गोड्यापेक्षा दोन-अडीच टक्के जड, त्यामुळे तळाशी वरच्या हवेसकट सुमारे पावणेनऊ किलो. पाणबुडे तिथं पाइप जोडायचं काम करतात.

सडेतोड | १६ मे, सकाळी ८:१५

मग माणूस बाटलीसारखा चेपत का नाही? (खोड काढत नाहीये, खरंच विचारतोय.)

नाखवा | १६ मे, सकाळी ८:५०

चांगला प्रश्न. मांस, रक्त, हाडं म्हणजे जवळजवळ पाणीच, ते दबत नाही. दबते फक्त हवा: फुप्फुसं, कान, नाकामागच्या पोकळ्या. म्हणून पाणबुड्याला श्वासासाठी जी हवा देतात ती बाहेरच्या पाण्याच्या दाबाचीच देतात. आत पावणेनऊ, बाहेर पावणेनऊ, चेपायचं काही कारण उरत नाही. एवढ्या खोलीवर साधी हवा दिली तर माणूस दारू प्यायल्यासारखा करतो, म्हणून ऑक्सिजनमध्ये हेलियम मिसळून देतात. आवाज कार्टूनमधल्या बदकासारखा होतो.

त्रास उतरताना कमी, चढताना जास्त. दाबाखाली रक्तात मुरलेला वायू भरभर वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखा फसफसतो. म्हणून खोल पाण्याची लांबलेली कामं असली की ही माणसं बोटीवरच्या लोखंडी खोलीत, तळाइतक्याच दाबात, आठवडे काढतात. जेवण झडपेतून आत. काम संपल्यावर दाब उतरवायला काही दिवस जातात, तेव्हा कुठे दार उघडतात. मेहुणा म्हणायचा, जहाजावर आमच्यापासून दहा फुटांवर बसलेली माणसं, पण घरी पोचायला त्यांना आमच्यापेक्षा चार दिवस जास्त.

चाळकरी_ताई | १६ मे, सकाळी १०:३०

बापरे. आमचे कान शिवाजी पार्कच्या तलावात तीन मीटरवर बुडी मारली तरी ठणकायचे. नाक दाबून फुंकलं की पटकन सुटायचे.

फुकटचा_सल्लागार | १६ मे, सकाळी ११:००

आणि १९६० मध्ये दोन माणसं लोखंडी गोळ्यात बसून पॅसिफिकच्या सगळ्यात खोल गर्तेत, जवळजवळ अकरा किलोमीटर खाली जाऊन परत आली होती. नखाएवढ्या जागेवर हजार किलोच्या वर. बघा, मलाही काहीतरी येतं. आता मूळ धाग्यावर या, उद्या रविवार आहे.

गच्चीखालचा | १६ मे, रात्री ९:१०

पाना_पक्कडभाऊ, आज सकाळी तुमची परीक्षा घेतली. नळी तशीच बांधून ठेवली होती. साडेसहाला गच्चीवर गेलो. लाल रेघ टाकीच्या पातळीला, स्थिर. पावणेसातला पहिला धक्का, रेघ वीतभर खाली, परत वर. कुणीतरी फ्लश ओढला असणार. सातला शाळेच्या बसची वेळ. रेघ लिफ्टसारखी उतरायला लागली. कठड्याच्या खाली गेली. मी खाली घरात पळालो तर ती आमच्या खिडकीपाशी होती, आणि मग खिडकीच्याही खाली, नळापर्यंत. नळी रिकामी झाली आणि नळाने तिच्यातून हवा ओढली, सुर्रर्र. टाकी त्या वेळी पाऊण भरलेली होती. मुलाने सगळ्याचा व्हिडिओ काढलाय.

गच्चीवरचा तो छत्रीच्या दांड्यासारखा पाइप सापडला. त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी. कुणी बांधली, कधी बांधली, कमिटीत कुणालाच ठाऊक नाही.

पाना_पक्कड | १६ मे, रात्री ९:३५

पिशवी काढा, आत्ताच. हवा ओढायचं बरंच थांबेल, पण धार वाढणार नाही. धारेसाठी वरच्या दोन मजल्यांना टाकीपासून वेगळी लाइन टाका, सव्वा इंची, खालच्यांशी संबंधच ठेवू नका. खर्च टाकीच्या पाव हिस्साही नाही. टाकी एक-दीड मीटर उंच करणं हाही उपाय आहे, तुम्हाला पाचाचे साडेसहा होतील, पण तिथे मास्तरीणबाई म्हणाल्या ते स्लॅबचं बघावं लागेल. वेगळी लाइन घेऊनही शॉवर मनासारखा नाही आला तर गच्चीवरच्या टाकीनंतर छोटा प्रेशर पंप. तो कायदेशीर आहे, पाणी आपल्याच टाकीतलं.

गच्चीखालचा | १७ मे, दुपारी ३:३०

सभा आटोपली. व्हिडिओ हॉलमध्ये टीव्हीवर लावला. सेक्रेटरी दोन वेळा बघून म्हणाले, "परत लाव, कठड्यापासून." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. टाकीचा ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब, वेगळ्या लाइनला मंजुरी. तिसऱ्या मजल्याने विचारलं की आम्हाला यात काय मिळणार. तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, "माझं प्रेशर कमी करून वर पाठवता येतं का बघा, लादी पुसून कंटाळले."

सडेतोड | १७ मे, संध्याकाळी ५:०५

काकूंना त्यांच्या घराचा मेन कॉक अर्धा फिरवायला सांगा. आणि तो पारदर्शक पाइप कोणत्या दुकानातून घेतला? आमच्या इमारतीत मी कमिटीवर आहे. मागच्या डिसेंबरात आम्ही टाकी मोठी केली.

पाना_पक्कड | १७ मे, संध्याकाळी ५:२०

पंचवीस लिटरवाल्या पेंटच्या डब्यांच्या मागे लटकवलेला असतो, कोणत्याही हार्डवेअरवाल्याकडे. मीटरवर मिळतो. दहा नको, बारा घ्या.